अडतीसचा कुर्ता

"हात लावू नको, दिवली! सांगी ठेवस तुले, हात लावू नको!"

पण तोवर दिवलीबाईनं धागा खेचला होता. अख्तरबानोच्या पाठीवरचे कच्चे टाके सरसर उसवत गेले आणि अंगावरचा नवा कोरा निळा कुर्ता पिशवीसारखा लोंबला.

"मन्हा डोया आझून फुटेल नहीत," दिवलीबाई म्हणाली. "हाई काय शे? कुर्तामा तू शे, का कुर्ता खुंटीले टांगेल शे?"

"सैल शे थोडा. उन्हायामा सैल बरा ऱ्हास."

"मंग पाठमाघे टाका कसाले मारात?"

अख्तरबानोनं हात मागे नेऊन कापड गोळा केलं. उत्तर माझ्याकडे होतं, पण मला विचारतो कोण? मी तिच्या गळ्यात लोंबकळत होते. कपडे शिवणाऱ्यांच्या गळ्यात असते ना, पिवळी, साठ इंची टेप, तीच मी बोलतेय. त्या दोघी तिकडे भांडू देत. भांडणाचं मूळ माझ्यापाशी आहे, तेव्हा आधी माझं ऐका.

बावीस वर्षांपूर्वी अख्तरबानोच्या नवऱ्यानं, सत्तारभाईंनी, मला नंदुरबारच्या बाजारातून खापर गावी आणलं. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. माणूस गोड, हात त्याहून गोड. पण जिभेवर कायम एकच वाक्य: "फक्त काज-बटन बाकी शे, उद्या या." कापड अजून गठ्ठ्यात बांधलेलं असायचं! गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असायचं. ते मान डोलवून जायचं आणि उद्या न येता चार दिवसांनी यायचं. एवढ्यातेवढ्या खोट्यानं काय बिघडतं, असं सगळे म्हणत. एकटी अख्तरबानो आतून ओरडायची, "कापेलबी नही शे! आठ दिनमा या!"

तिला हे काम कुणी शिकवलं नाही. जुनी पोलकी उसवायची, तुकडे जमिनीवर मांडायचे, कुठला तुकडा कुठे जातो ते बघायचं आणि पुन्हा जोडायचं, असं करत ती शिकली. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आकडे ती माझ्याकडून शिकली, एकेका इंचावर बोट ठेवून. तिच्या बोटांनी माझे पहिले पाच आकडे पुसून गेले. म्हणून ती मला दहापासून धरते आणि मनात दहा वजा करते. सत्तारभाई गेले त्या वर्षी लोक म्हणाले, आता दुकान बंद. त्यांचा चाळिसावा दिवस उलटताच तिनं दार उघडलं, मला गळ्यात घातलं आणि मशीनवर बसली. अजून बसलेली आहे.

माणसं मला फसवायला बघतात, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. पुरुष पोट आत ओढतात. बायका श्वास कोंडतात आणि छताकडे बघतात. मी काही बोलत नाही, थांबते. श्वास कोंडून कोंडून किती वेळ कोंडणार? अख्तरबानोही थांबायची. "सोडा भाऊ, पोट सोडा. कुर्ता घालीसन जेवणार नहीत का?" माणूस हसायचा, पोट सुटायचं, आणि मी खरा आकडा सांगायचे.

दिवलीबाई पहिल्यांदा आली ती हातभर चिंधी घेऊन. वरच्या डोंगरातल्या पाड्यावरून दर बाजाराला उतरते ती, कधी मिरची घेऊन, कधी मोहाची फुलं. घरी भिलोरी बोलते, बाजारात बाजाराची बोली. "कापड कमी शे," अख्तरबानोनं तोंडावर सांगितलं, "बाही आखूड व्हई."

"तो दुसरा शिंपी तर पुरी म्हणस."

"मंग त्यानाकडे जाय."

गेली नाही. बाही आखूडच झाली. आणि त्यानंतर दिवलीबाईनं आयुष्यात दुसऱ्या शिंप्याचं तोंड पाहिलं नाही.

पुढे तयार कपडे आले. गाड्या भरभरून आले, रस्त्यावर ढीग लागले. दुकानात माणसं येईनाशी झाली. मुलगा तौसिफ तर अब्बा असतानाच सुरतेला गेलेला, कुर्त्यांच्या कारखान्यात. खापरहून बसनं चार तासांची वाट. पण दूर ते दूरच. अख्तरबानो सकाळी मशीन पुसते, मला गळ्यात घालते, दारात बसते. सगळा दिवस मला कुणाच्या अंगाची ऊब लागत नाही, फक्त तिच्या मानेची. कित्येकदा संध्याकाळी साडेपाचला ती दिवसातला पहिला शब्द बोलते. तेव्हा तौसिफचा फोन येतो. माय-लेक आपसात हिंदी बोलतात. मी तुम्हाला मराठीत सांगते.

"जेवलीस का अम्मी?"

"जेवले. तू?"

"जेवलो."

दोघंही खोटं बोलायची. तिचं मला पोटावरून कळायचं. त्याचं आवाजावरून.

चार महिने झाले, घास तिच्या घशाखाली उतरत नाही. आधी भाकरी भिजवून खायची, मग नुसतं वरणाचं पाणी, आता चहासुद्धा घोट घोट. दुपारी दार लोटून ती मला छातीभोवती धरायची. अडतीसची छत्तीस झाली. छत्तिसाची चौतीस. ती मला सोडून पुन्हा धरायची, जणू माझीच चूक आहे. बाई गं, मी काय करू? मला पोट आत ओढता येत नाही आणि बाहेरही काढता येत नाही.

रमजानात तौसिफचा फोन आला. आवाज फुलला होता. "अम्मी, मला कटिंग मास्टर केलं! ईदचा तुझा कुर्ता मी माझ्या हातानं कापणार. माप सांग."

तिनं मला छातीभोवती घेतलं. दहा वजा करून मी बत्तीस सांगितले. तिचा अंगठा माझ्या बेचाळिसावर होता, नख रुतलं होतं. आणि ती फोनमध्ये म्हणाली, "अडतीस, बेटा. नेहमीचंच."

बावीस वर्षांत मला हातात धरून ती खोटा आकडा बोलली, तो हा एकच. मला राग आला. मग तौसिफचं सगळं आठवलं आणि राग कुठे ठेवावा ते सुचेना. या पोरानं दोनदा काम सोडलं होतं. एकदा अब्बांच्या आजारात, एकदा हिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला. दोन्ही वेळा परत जाऊन धागे तोडायच्या कामापासून सुरुवात. तिसऱ्यांदा ती त्याला खाली ओढणार नव्हती. मानी बाई! मानी माणसाला मदत मागण्यापेक्षा मरण सोपं वाटतं, आणि त्या मरणालाच तो त्याग म्हणतो.

ईदला कारखान्यात घाई होती, तौसिफ आला नाही. कुर्ता बसनं आला. तिनं पाठीमागं कापड गोळा करून कच्चे टाके घातले, पुढून फोटो काढून पाठवला. दिवसभर तोच घालून दारात बसली. आल्यागेल्याला शीरखुर्मा वाढला. पातेल्याच्या तळाशी राहिलेला शेजारच्या शेळीला घातला. चार दिवस झाले, तो कुर्ता तिनं उतरवला नाही. दिवसा अंगात, झोपतानाही अंगात.

आज बाजार. दिवलीबाई पोलकं न्यायला आली. अख्तरबानो मशीनकडे वळली आणि पाठ दिसली. पुढचं तुम्ही पाहिलंत.

"दवाखानामा चाल," दिवलीबाई म्हणत होती. "आत्तेच चाल, असीच चाल."

"मले काही व्हयेल नही."

"मन्ही बहीण नदीकाठना मणिबेलीले देयेल व्हती. तीबी असंच करे. बरी शे, बरी शे. दवाखानामा लई जावाले बोटमा टाकी तवय उचलाले हातमा काहीच नव्हतं, अख्तर. लुगडं व्हतं नुसतं."

"तुन्ही बहीण तुन्ही. मी मन्ही."

"पोऱ्याले सांग."

"नही."

"मंग मी सांगस."

"तू कोण? तू मन्ही कोण लागस, दिवली?"

 दिवलीबाईनं पोलकं टोपलीत ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं.

"कोणी नही," ती म्हणाली. "ज्या कोणी शेतस त्या सुरतमा शेतस. म्हनीसन मीच बोली ऱ्हायनू."

आणि फोन वाजला. साडेपाच.

अख्तरबानोनं डोळे पुसले, घसा साफ केला, रोजचा आवाज लावला. पण दिवलीबाई हलली नाही, दार अडवून उभी.

"अम्मी, फोटो सगळ्यांना दाखवला. खांदा काय बसलाय म्हणाले! आता पाठीचा एक पाठव ना. पाठ कशी पडलीय बघायचीय मला."

 अख्तरबानोचा श्वास माझ्या दोन्ही टोकांना जाणवत होता, आत, बाहेर, आत.

"अम्मी? पाठीमागं ओढतोय का? माझं कुठे चुकलं का? सांग ना, मी पुन्हा कापतो."

लोकहो, मी झिजलेली टेप आहे, माझे पाच आकडे गेले आहेत, कुणाला उपदेश करायचा माझा वकूब नाही. एवढंच मागते, की जवळच्या माणसाला आपलं माप खरं सांगा. ते बिचारं खोट्या आकड्यावर जीव ओतून कापत बसतं, आणि शेवटी चूक आपलीच झाली म्हणून मान खाली घालतं.

दिवलीबाईला हिंदी फारशी कळत नाही. पण पोराचा पडलेला आवाज तिला कळला. तिनं भांडण सोडलं नव्हतं. डोळ्यांनी भांडत होती.

अख्तरबानोनं लोंबणारा निळा कुर्ता मुठीत धरला.

"कुर्ता बरोबर आहे, बेटा," ती म्हणाली, "अम्मी कमी झालीय."