ॲन्सेल्मचं बोट

पाचूबंदरच्या लिडियानं दोन वर्षं अख्ख्या गावाशी भांडण मांडलं होतं, ते भावासाठी, ॲन्सेल्मसाठी. भर वादळात तिचा नवरा सॅन्टन होडीबाहेर फेकला गेला, तेव्हा त्यानं धरलेल्या दोराचं दुसरं टोक ॲन्सेल्मच्या हातात होतं, आणि ते सुटलं. गाव म्हणे, सुटलं कसलं, सोडलं! लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण भाऊ म्हणाला, "हातान जोरच नव्हता उरला, बाय," आणि तिनं तेवढ्यावर विश्वास ठेवला. सासूचं घर सोडलं, भावाला सोडलं नाही.

त्रेपन्न साली मुंबईहून एक डॉक्टर यंत्र घेऊन शाळेच्या पडवीत आले. जाळी ओढणाऱ्यांचे हात किती वेळात दमतात, ते त्यांना मोजायचं होतं. लिडियाला वाटलं, देवच पावला. कोळ्याचाही हात संपतो हे गावाला डोळ्यांनी दिसू दे, म्हणून तिनं ॲन्सेल्मला ओढतच नेलं. तो नको नको म्हणत होता. लाजतोय मेला, असं तिला वाटलं.

डॉक्टरांनी त्याचा हात पट्ट्यांनी फळीला बांधला. मधल्या बोटाला दोरी, दोरीला शिशाचं वजन. यंत्राच्या दर ठोक्याला बोटानं वजन उचलायचं, की काजळी धरलेल्या कागदावर एक रेघ उठे. रेघा आधी उंच होत्या, मग बुटक्या होत गेल्या. ॲन्सेल्मच्या कपाळावर घाम आला, मान ताठली आणि बोट थांबलं.

"संपला," तो म्हणाला.

लिडियानं जमलेल्या बायकांकडे असं बघितलं, की आता बोला, जळो तुमची तोंडं!

तेवढ्यात डॉक्टरांनी त्याच्या कोपराखाली बॅटरीची तार टेकवली. बोट टुणकन वाकलं आणि वजन वर गेलं. एकदा, दोनदा, पाच वेळा.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. बोलायची गरजच नव्हती.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांचं असंच होतं. माणूस संपलं म्हणतो, तेव्हा स्नायूत थोडा जोर शिल्लक असतोच. मन आधी हात टेकतं."

"सगल्यांचा? मंग माजाबी हात बांदा."

लिडिया बसली. ओठ दातांखाली धरून वजन उचलत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबली नाही, पण शेवटी तिचंही बोट थांबलं. तार टेकताच तेही उठलं. डॉक्टर खरंच बोलत होते. ॲन्सेल्मचा जीव भांड्यात पडला.

"बगलास ना, बाय? तुजाबी तसाच."

लिडियानं स्वतःच पट्टे सोडले. समुद्रानं नवरा नेला तेव्हाही तिला इतकं फसवल्यासारखं वाटलं नव्हतं.

"माज्या दोरीला शिसा व्हता, दादूस," ती म्हणाली. "तुज्या दोराला माजा मानूस व्हता."