माईकवर न बोललेला शब्द

राहनाळच्या मैदानावर टेनिस बॉलची स्पर्धा असली की माईक मनोजचा आणि स्कोअरची वही त्याच्या धाकट्या बहिणीची, निशाची. मनोजची जीभ म्हणजे बिनब्रेकचा टेम्पो. कॅच सुटला की "भावा, बांगड्या भर!" आणि तो जुबेरच्या हातून सुटला तर "ही पाकिस्तानची मॅच न्हाय!" लोक पोट धरून हसायचे. निशाही हसायची, हातातल्या बांगड्या सावरत.

२००४च्या मार्चमध्ये भारताचा संघ तिकडे खेळायला गेला आणि त्या विनोदाला ऊत आला. एका रविवारी जुबेर वहीपाशी आला. निशाचा शाळासोबती, बारा वर्षं गावाच्या संघात.

"काल माझी अमरीन विचारते, अब्बा, आपन तिकडचे काय? आनखी एकदा ऐकलं ना निशा, तर मी खेळ सोडला."

निशाला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली. घरी तिने भावाला धरलं.

"मी काय वाईट मनानं बोलतो काय? लोकांना हसाया पायजे."

"त्याला नको हाय, दादा. आनि बांगड्यांचं पन बास कर. बाजूला मी बसते, दिसत न्हाय काय तुला?"

मनोज बराच वेळ कुरकुरला, पण शेवटी आईच्या देखत त्याने शब्द दिला.

पुढच्या रविवारी चेंडू उंच उडाला आणि खाली नेमका जुबेर. निशाने पेन गच्च धरलं. चेंडू बोटांना लागून पडला.

मनोजने माईक तोंडाशी नेला. "मंडळी, आमच्या बहिनीनं बंदी घातलीय. आज मी जुबेरभाईला काय बोलनार न्हाय. ही मॅच कुनाची न्हाय, ते तुमालाच म्हाईत..."

"पाकिस्तानची!" सगळं मैदान एका आवाजात ओरडलं. मागून कोणीतरी भर घातली, "माईकवर पन बायकांचं राज्य आलं काय रं?" पुन्हा हशा.

निशा ताडकन उठली, पण कोणाकोणाला गप्प करणार होती ती?

जुबेरने टोपी काढून तिच्या वहीवर ठेवली. "एकटा मनोज होता तवर सांगता येत होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच तिला सोसवेना. तो मागे न बघता शेजारच्या कोन गावच्या रस्त्याला लागला.

"मी शब्द पाळला हां," माईकवर हात ठेवून मनोज हसला. मग त्याने पुकारलं, "जुबेरच्या जागी बारावा गडी, भाविक."

निशाने टोपी बाजूला सारली आणि वहीत तेवढं लिहून घेतलं.