रहिवाशाचं म्हणणं

वृद्धाश्रमात सकाळची औषधं वाटून झाली आणि सिस्टरने फाइल काढली. साथ शिगेला पोचली होती. उद्या कुणी आजारी पडलं, तर इस्पितळात हलवून व्हेंटिलेटर लावायचा की इथेच ठेवून त्रास कमी करायचा, हे आधीच लिहून ठेवायचं होतं. अकरा फॉर्म भरून झाले होते, सगळे फोनवरून, मुलांना विचारून. ‘रहिवाशाचं म्हणणं’ ही ओळ अकराही फॉर्मांवर कोरी होती.

त्यातला एक चार नंबरच्या खोलीतल्या आजींचा. मुलगा म्हणाला, "सगळं करा." आजींना कुणी विचारलं नाही. परक्या वॉर्डात, तोंडात नळी घालून, एकही ओळखीचा चेहरा न दिसता त्या गेल्या. "आम्ही काही बाकी ठेवलं नाही," असं मुलगा अजून सगळ्यांना ऐकवतोय. सिस्टरला मात्र तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हतं.

आज पाळी टेलरमास्तरांची होती. वय चौऱ्याऐंशी, फुप्फुसं निम्मी निकामी, डोकं मात्र शाबूत.

व्हिडिओ कॉलवर त्यांचा थोरला मुलगा आला, शेजारी सूनबाई. साथ नव्हती तेव्हाही दोघांना इकडे फिरकायला सवड झाली नव्हती. आता भेटीच बंद झाल्याने त्यांची आयती सोय झाली होती.

"सिस्टर, हा विषय बाबांपुढे काढूच नका," थोरला कळवळून म्हणाला. "खचतील हो ते. लिहा तुम्ही, सगळं करायचं. व्हेंटिलेटर, काय असेल ते."

"उद्या नातेवाइकांनी आमच्या तोंडात शेण घातलं तर?" सूनबाईंनी खरं कारण सांगून टाकलं.

हे यांचं प्रेम! बापाला हल्ली झोप लागते का, हे ठाऊक नाही आणि त्याच्या मरणाचे मुखत्यार होऊन बसलेत. अशी माणसं घरोघर आहेत आणि आपण त्यांना मायाळू म्हणतो.

"त्यांना विचारल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही," सिस्टर म्हणाली आणि फोन घेऊन थेट मास्तरांच्या खोलीत गेली.

मास्तर खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होते. तिने काही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी दोरा दाताने तोडला.

"म्हटलं, कुणी विचारतंय की नाही! दम लागला तर ऑक्सिजन द्या, दुखलं तर औषध द्या. नळी नको, इस्पितळ नको. इथेच, या खिडकीपाशी राहू द्या. शेवटी कुणीतरी हात धरा, म्हणजे झालं."

"बाबा, काहीतरी अभद्र बोलू नका!" थोरला फोनमधून ओरडला.

"अरे, शिंप्याचा पोर ना तू? माप न घेताच कापायला निघालास?"

थोरल्याने तक्रारीची धमकी दिली, व्यवस्थापकांचा नंबर मागितला. सिस्टरने तो शांतपणे सांगितला. तोवर मास्तर सही करू लागले होते. सहीला वेळ लागला. ती पुरी व्हायच्या आत पलीकडून फोन बंद झाला होता.

सिस्टरने फाइलमधले, आजींचा सोडून आधी भरलेले दहा फॉर्म बाहेर काढले. तिला स्वतःचीही लाज वाटत होती आणि ती वाटायलाच हवी होती. तिने एक नंबरचं दार वाजवलं.

"आजोबा, तुमच्याशी बोलायचंय. खरं तर मागेच बोलायला हवं होतं."