कच्चं लायसन

धनराजने काडीने शेवंतीच्या वाफ्यातल्या ओल्या मातीत त्रिकोण काढला, त्यात दोन वाकड्या रेघा ओढल्या आणि आईकडे पाहिलं.

यशोदाबाईंनी ओटीतली फुलं पाटीत रिकामी केली. "आता हे काय रे?"

"पुढं पूल अरुंद हाय."

"आपल्या पाटावरच्या पुलाला तर कधी अशी पाटी दिसली नाय."

"नसू दे. परीक्षेत विचारतात."

"दहावीला एवढा जीव लावला असता, तर आज मास्तर झाला असतास," यशोदाबाई म्हणाल्या. पण जरा वेळाने त्याच पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "पुढचं काढ."

सून माहेरी गेल्यापासून त्यांनाही घर खायला उठत होतं.

गौरी-गणपतीच्या दिवसांतली गोष्ट. पंचवटीत फुलं विकून धनराज आणि छाया मोटारसायकलवर मखमलाबादला परतत होते. पुढे एक ट्रक रेंगाळत चाललेला, आणि धनराजच्या अंगात दम कुठला! त्याने डावीकडून गाडी घातली. खडीवर चाक घसरलं, छाया फेकली गेली, तिचं मनगट मोडलं. हाडं काय, जुळतात. पण तिला उठवता उठवता हा शहाणा म्हणाला, "नीट धरून बसता येत नाय का?"  छाया हात प्लास्टरमध्ये घालून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी भावाबरोबर चांदवडला निघून गेली.

धनराज दोनदा आणायला गेला. दोन्ही वेळा चहा मेव्हणीने आणला. दुसऱ्या खेपेला आतल्या खोलीतून छायाचा आवाज तेवढा आला.

"आधी गाडी चालवायला शिका म्हणावं. परीक्षा देऊन, रीतसर लायसन काढून. मग येईन."

गेली पाच वर्षं तो बिनलायसनची गाडी हाकत होता, आणि गावात निम्म्यांची तीच तऱ्हा. मित्र हसले. त्याने हेल्मेट आणलं तेव्हा तर, "चंद्रावर निघालास का?" असं विचारून त्यांनी त्याला भंडावून सोडलं. धनराजला त्याचं काही वाटलं नाही. त्याला छाया हवी होती. पहाटे मागच्या सीटवर पाट्या बांधून तो बाजाराला निघायचा, आणि गतिरोधक आला की अजूनही मान थोडी वळवून म्हणायचा, "धर गं." मागे पाट्याच असायच्या. मग बाजार येईपर्यंत त्याचं कशातच लक्ष लागायचं नाही.

पेठ रोडवरच्या आरटीओत परीक्षेचा कागद हातात आला. चिन्हं सगळी ओळखीची निघाली. एका प्रश्नावर मात्र तो अडला: पुढचं वाहन कोणत्या बाजूने ओलांडावं? उत्तर तोंडपाठ होतं. तरी पेन तसंच धरून तो बसून राहिला, आणि शेजारच्याला वाटलं याला येत नाही. त्याने हळूच बोटाने उजवीकडे दाखवलं. धनराजने मान डोलावली आणि खूण केली.

तो पास झाला. कारकुनाने लायसन पुढे सरकवलं.

"आता बायकोला आणायला जातो साहेब," धनराज म्हणाला. आनंद कुणाला तरी सांगायलाच हवा होता.

"एसटीने आणा," कारकून म्हणाला. "हे कच्चं लायसन आहे. पुढे-मागे लाल अक्षरात एल लावायचा आणि मागे कुणाला बसवायचं नाही. महिन्याने या, गाडी चालवून दाखवा, मग पक्कं मिळेल."

म्हणजे आणखी महिनाभर थांबायचं. धनराज बाहेर येऊन गाडीजवळ उभा राहिला. दिवाळी तिच्याविना गेली होती, मार्गशीर्ष लागला होता. त्याने दुकानातून दोन एल आणून चिकटवले आणि सरळ आग्रा रोडला लागला.

सासरे पुंजाराम ओट्यावर कांद्याचं बी पाखडत होते. त्यांनी जावयाचं हेल्मेट पाहिलं, एल पाहिला आणि घराकडे तोंड करून हाक मारली.

या वेळी चहा छायानेच आणला. प्लास्टर निघालं होतं. पेला उजव्या हातात होता, पण डाव्या हाताचा आधार दिलेला. धनराजला ते बघवेना.

"काय काय शिकलात?" तिने विचारलं.

त्याने वाटेत सगळी चिन्हं मनात घोकली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"त्या दिवशी तुझ्या दोन्ही हातांत रिकाम्या पाट्या होत्या," तो म्हणाला. "तू धरणार कशानं?"

छाया आत गेली. आली ती पिशवी घेऊनच. गाडीजवळ जाऊन तिने पदर खोचला.

"बसता यायचं नाय," धनराज खाली बघत म्हणाला. "लायसन कच्चं हाय. मागं कुणाला घेता येत नाय."

पुंजाराम हसले. "जावईबापू, इथं कोण बघतंय? न्या तिला."

"नाय मामा."

"मग एवढ्या लांब आलात कशाला?" छायाने विचारलं.

"राहवलं नाय."

 मग पुंजारामांनी पायात वहाणा घातल्या आणि लेकीची पिशवी उचलली. "चल, तुला नाशिकच्या एसटीत बसवून देतो."

एसटीत पुढे जागा होती. छायाला गाडी लागते, तरी ती थेट मागच्या बाकावर जाऊन बसली. धनराज अंतर राखून मागे निघाला. धुळकट काचेतून तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण इकडेच वळलेला होता. वडाळीभोईच्या पुढे कांद्याने भरलेले दोन ट्रॅक्टर मध्ये शिरले. समोरून ट्रकांची रांग. उजवीकडून वाट मिळेना. डावीकडे साइडपट्टी मोकळी होती, अगदी हात करून बोलावणारी. धनराज ट्रॅक्टरच्या मागेच राहिला. एसटी लहान होत होत वळणाआड गेली.

पिंपळगावच्या स्टँडवर एसटी नव्हती. छाया मात्र बाकावर बसलेली होती.

"उतरलीस का?"

"दिसेनासे झालात." तिचा आवाज जरा चढला होता. "कंडक्टर म्हणाला, बाई, तिकीट नाशिकचं हाय. म्हटलं, असू दे."

"ट्रॅक्टर मध्ये आले. उजवीकडून वाट नव्हती."

"मग?"

"मग मागंच राहिलो."

छाया त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली. धनराज हेल्मेट काढून तिच्या शेजारी बसला. चहा आला. मनगट थंडीत दुखतं का, त्याने विचारलं. आई कशा आहेत, तिने विचारलं. शेवंतीला भाव कसा आहे, कुणी तोडली, सगळं विचारून झालं.

"नाशिक, नाशिक," करत एसटी फलाटाला लागली. कंडक्टरने दोघांकडे पाहिलं.

"लय गर्दी दिसते," छाया म्हणाली.

धनराजने मान उंच करून पाहिलं. अर्धीअधिक गाडी रिकामी होती.

"हो ना," तो म्हणाला. घंटी वाजली, एसटी निघून गेली, आणि तो आणखी दोन चहा सांगायला उठला.