पाद्रीघराच्या अंगावरचं सिमेंट

मला कुजवलंत तुम्ही, आणि कागदावर दोष लिहिलात माझ्या वयाचा! चर्चच्या कचेरीतल्या साहेबांनो, हे तुम्हालाच म्हणतोय.

मित्रांनो, मी इंग्लंडातल्या सफोक परगण्यातल्या एका जुन्या पाद्रीघराचा लाकडी सांगाडा आहे. सुतारांनी मला ओक झाडाच्या ओल्या लाकडातून घडवलं. आधी आवारात आडवा जुळवला, सांध्यासांध्यावर खुणा कोरल्या, पुन्हा सोडवला. मग खुणेला खूण लावून अख्ख्या गावाने दोर ओढून उभा केला. अंगात एक खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. खांबांच्या मध्ये काटक्यांचे कूड, त्यावर माती, शेण, पेंढा आणि चुना. लाकूड वाळलं तसा मी वाकलो. जमिनी उतरत्या झाल्या. पाद्र्यांची पोरं जेवणघरात सफरचंदांच्या शर्यती लावायची. चारशे वर्षं पावसात भिजलो आणि वाऱ्यावर वाळलो. चुना पाणी घेतो, तसाच सोडतोही. एवढं साधं आहे ते.

पण तुम्हाला मी गबाळा दिसलो. चुना खरवडून तुम्ही मला सिमेंटमध्ये चिणलंत. सिमेंटला चिरा गेल्या, पाणी आत शिरलं आणि तिथंच अडकलं. उत्तरेकडची पायथ्याची तुळई आतल्या आत काळी पडली.

परवा तुमचा तपासनीस आला. पाद्रीबुवांच्या पत्नी डॉर्कसबाईंना म्हणाला, "बाई, सामान बांधा. हे पाडून विटांचं बांधतो. नाहीतर डोक्यावर पडेल तुमच्या."

"अगंबाई! मग आधी तुम्हीच बाहेर व्हा. चहा अंगणात आणून देते."

"थट्टा नको. लाकूड जुनं झालंय."

बाईंनी शेगडीची सळई उचलली, बाहेर गेल्या आणि सिमेंटवर हाणली. मोठा पोपडा पडला. मागून पाण्याची धार लागली.

"बघा, कुजलंय की नाही!" तो जिंकल्यासारखा ओरडला.

"पाणी बघा, साहेब, पाणी! हे चिलखत घातलं कुणी त्याला?"

"ते माझ्या आधीचं."

"आणि पाडणं तेवढं तुमचं?"

त्याने छत्री उघडली. पाऊस नव्हता.

मित्रांनो, एक तुळई नासली आहे. तेवढी कापा, नवा ओक जोडा. सिमेंट उतरवा, चुना द्या, दरवर्षी हात फिरवा. जुन्या घराला एवढंच लागतं.

आणि साहेबांनो, सोमवारी तुमचे घण येणार आहेत. पावसावर ढकलू नका, पाऊस मी चारशे वर्षं पचवलाय. पहिला घाव घालण्याआधी डॉर्कसबाईंच्या दारात या, टोपी काढा आणि तोंडाने सांगा: सिमेंटचा हुकूम कुणी दिला?