माशाला ताप

"पेशींचे पुन्हा गोळे झाले, काकू," संशोधक मुलगी शेजारच्या खोलीतून, सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता म्हणाली. "तिसरा आठवडा हा. सर आता माशावरचं काम बंदच करणार."

काकू या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होत्या. हृदयातून जिवंत स्नायूपेशी सुट्या करायच्या, त्यांच्यासाठी द्रावणं बनवायची, हे त्यांचं काम. उंदीर, ससा, गिनीपिग, सगळ्यांच्या पेशी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. मुलीला त्यात मासा जोडायचा होता. उंदराची पेशी ठोक्यासाठी लागणारं कॅल्शियम बहुतेक स्वतःच्या साठ्यातून काढते. माशाची पेशी बरंचसं बाहेरून, स्वतःच्या आवरणातल्या बारीक दारांमधून आत घेते. ती दारं किती उघडतात, ते मोजायचं होतं. पण काकूंच्या हातून लांबट, धडधाकट निघालेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या की आकसून मरत.

सर काकूंच्या खोलीच्या दारात येऊन थांबले. "काकू, द्रावणं एकदा तपासून घ्या. वयामुळे नजरचूक होते कधी कधी."

ते सौम्यपणे बोलले, म्हणून जास्तच लागलं. काकूंनी सगळी वजनं पुन्हा केली. एक कणही चुकला नव्हता. मग त्या, कधी नव्हे त्या, मुलीच्या खोलीत गेल्या आणि पेशींवर द्रावण सोडणाऱ्या नळीच्या टोकाखाली मनगट धरलं, नातीचं दूध तपासावं तसं.

"अगं, हे तर कोमट आहे."

"कसं असेल? बाटलीत बारा अंश आहे."

"बाटलीत असेल. नळी बघ, पंपाच्या तापलेल्या मोटरला चिकटून जातेय. उंदराला खपून गेलं, त्याचं रक्तच गरम. थंड पाण्यातल्या या माशाला मात्र आपण तीन आठवडे ताप आणतोय."

मुलगी हसली.

दोघींनी नळी सोडवली आणि बर्फाच्या ट्रेमधून फिरवून आणली. काकूंनी नव्या पेशी काढल्या. दुपारी सरांनाही बोलावणं गेलं. मुलीने काचेची सूक्ष्म सुई पेशीला टेकवली आणि विजेचा हलका धक्का दिला. संगणकाच्या पडद्यावरची रेघ झपकन खाली गेली, सावकाश वर आली. कॅल्शियम आत शिरलं होतं, म्हणजे दारं उघडली होती. दुसऱ्यांदाही उघडली. चाळिसाव्यांदाही.

"द्रावण कुठलं वापरलं?" सरांनी विचारलं.

"सकाळचंच," मुलगी म्हणाली. "काकूंचं."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सकाळी मी चुकीचं बोललो, काकू," ते मुलीदेखत म्हणाले. "पेशी आखडताना बघितलीत का तुम्ही?"

"मला कोण बघू देतंय? मी बनवून देते आणि पुढच्या बाटलीला लागते."

सरांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. काकू बसल्या, चष्मा कपाळावर सारला आणि भिंगाला डोळे लावले. काडीसारखी लांबट पेशी आखडत होती, सैल पडत होती, पुन्हा आखडत होती. काकूंनी उठायची घाई केली नाही.