मुंढ्याचा तुकडा

तिने खिळ्यावरचा कागदी कटिंगांचा गठ्ठा कापणीच्या टेबलावर उलटा केला आणि नवव्या महिन्याचं पोट सांभाळत स्टुलावर टेकली.

"बाह्या इकडे, गळे तिकडे," तिने नवऱ्याला सांगितलं. "छापील अक्षर दिसलं की मला दे."

मागच्या खेपेला सिझेरियन झालं होतं. या खेपेला तिला स्वतः कळा देऊन बाळंत व्हायचं होतं. डॉक्टरबाईंची ना नव्हती, पण पोटावरचा व्रण आडवा असला तरी आत गर्भाशयावरचा छेद आडवा की उभा, हे त्यांना लेखी हवं होतं. आडवा असेल तरच कळांची वाट बघायची, नाहीतर सोमवारी सरळ ऑपरेशन. जुना दवाखाना केव्हाच बंद पडला होता, आणि त्या ऑपरेशनचा घरी असलेला कागद चांगला जाडजूड निघाल्यामुळे चार वर्षांपूर्वी तिनेच त्याचं ब्लाउजचं कटिंग केलं होतं. शिंपिणीच्या हाती कोरी पाठ लागल्यावर दुसरं काय होणार!

"लग्नाचा दाखला तरी शाबूत आहे ना?" नवऱ्याने विचारलं.

"तो फार पातळ होता."

तासाभरात बाहीवर तारीख सापडली, गळ्यावर डॉक्टरांची सही, पट्टीवर बाळाचं वजन. टाचण्या लावून कागद उभा राहिला. नेमकी छेदाची ओळ मात्र अर्धी होती. बाही जोडतात तिथला, मुंढ्याचा तुकडा कुठेच नव्हता.

तिचा चेहरा पडला. "राहू दे. सोमवारी जाऊ."

इतका वेळ दारात उभ्या असलेल्या सासूबाई आत गेल्या आणि घडी केलेला एक तुकडा घेऊन आल्या.

"सकाळीच सापडला होता," त्या खाली बघत म्हणाल्या. "आडवा आहे. चार वेळा वाचला."

"आई! आणि लपवून ठेवलात?"

"मागच्या वेळी तुला घाईघाईने आत नेलं आणि दार लावून घेतलं. पुन्हा तसं बाहेर बसणं मला झेपणार नाही गं. ऑपरेशन ठरलेलं असलं म्हणजे निदान वेळ तरी माहीत असते."

तिने तुकडा जागेवर लावला. बरोबर बसला. टाचणी टोचताना राग यायच्या आत तिला हसू आलं.

"मग कळांच्या वेळी माझ्याबरोबर आत या ना. एका माणसाला सोबत घेता येतं."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "किती वाजता निघायचं?"

"अहो आई, आधी कळा तर येऊ देत!"

"आणि मी?" नवऱ्याने विचारलं.

"तू बाहेर बस," दोघी एकदम म्हणाल्या.